सरासरीच्या आधी

ग्वाल्हेरचा किल्ला चढताना वाटेत, एकाच खडकातून कोरून काढलेलं चतुर्भुज विष्णूचं लहानसं मंदिर लागतं. तिथल्या शिलालेखात विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ मधल्या देणग्यांची नोंद आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन, आणि रोज देवाला वाहायच्या ५० माळा. २७० आणि ५० या आकड्यांतल्या शून्यांमुळे हा लेख जगभर माहीत झाला. लोक लांबून येतात, त्या चिमुकल्या गोलाचा फोटो काढतात आणि वर मानमंदिराकडे निघून जातात.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. नववीच्या मुलींना मी या देवळात आणत असे. शून्य दाखवायचं असेच, पण त्याहून जास्त मला त्या लेखातलं बाकीचं दाखवायचं असे. इथला एकही आकडा एकटा नाही. २७० कशाचे, तर हातांचे. कुठले, तर बागेचे. कशासाठी मोजले, तर फुलांसाठी. कोणीतरी त्या जमिनीवर वाकून माप घेतलं, मग तो आकडा दगडावर चढला. सांख्यिकी शिकायची सुरुवात इथून होते, असं माझं मत वर्गात उभं राहून बनलं आहे. आपल्या शाळांनी मात्र बराच काळ बाग आणि हात दोन्ही वगळून मुलांच्या पुढ्यात नुसते आकडे आणि सूत्र ठेवलं. हे कसं झालं, आणि त्यातून बाहेर पडायच्या वाटा आपल्याच भागात कशा निघाल्या होत्या, ते सांगायचं आहे.

सरासरी ही आपल्याकडे जुनी. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत खातव्यवहार म्हणून एक भाग आहे, खड्ड्यांच्या हिशेबाचा. खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची परंपरा नोंदलेली आहे, म्हणजे हा ग्रंथ आपल्या अगदी घरचा. त्यातलं एक उदाहरण असं आहे: खड्ड्याच्या कडा वाकड्या आहेत. तीन ठिकाणी लांबी मोजली, ती भरली १०, ११ आणि १२ हात. रुंदी ६, ५ आणि ७. खोली २, ४ आणि ३. तर माती किती निघाली? प्रत्येक मापाची सरासरी घ्यायची, ११, ६ आणि ३, आणि गुणाकार करायचा. उत्तर १९८ घनहात.

या उदाहरणात सरासरी का घ्यावी लागली, हे मूल डोळ्यांनी पाहू शकतं. खड्डा सरळ असता तर एकदाच मोजून भागलं असतं. तो वाकडा आहे, दर ठिकाणी माप वेगळं येतं, आणि तरी खोदणाऱ्याला मजुरी द्यायची असेल तर एका आकड्यावर यावंच लागतं. आधी फरक दिसतो, मग अडचण उभी राहते, मग सरासरी येते. याच ग्रंथात सुवर्णगणितही आहे. वेगवेगळ्या कसाचं सोनं एकत्र आटवलं तर कस किती उतरेल? नुसत्या कसांची सरासरी चालत नाही, दर तुकड्याचं वजनही धरावं लागतं. आमच्या सराफ्यातल्या कोणत्याही जुन्या पेढीवर हा हिशेब तोंडी होत असे.

लष्कर वसलं ते १८१० च्या सुमारास, दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून. त्या छावणीमागे जी मराठी घरं आली त्यांतली बरीचशी लेखणीवर जगणारी होती. मुलांना पंतोजी पाढे शिकवत, आणि पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी. आमचे आजोबा संस्थानच्या हिशेबखात्यात कारकून होते. मोडीतली जमाखर्चाची बेरीज ते बोट खालून वर फिरवत उतरवत, आणि साडेतीन पटीचा हिशेब त्यांना विचार न करता येई. ती विद्या खरी होती आणि मला तिचा आदर आहे. पण तिच्यात आकडा वरून येई. कारकुनाने बेरीज चोख करायची, तो आकडा मुळात कसा आला हे विचारणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

कसा आला, हे विचारायला जागा पुष्कळ होती. पिकाचा अंदाज सोळा आण्यांत बांधायची पद्धत उत्तरेत आणि दख्खनमध्ये सारखीच. पूर्ण पीक सोळा आणे, अर्धं आठ आणे. पटवारी शेताच्या बांधावर उभा राहून नजरेने आणेवारी ठरवी आणि सूट मिळणार की सारा भरावा लागणार, हे त्यावर ठरे. शेतकऱ्याचं वर्ष त्या एका नजरेवर अवलंबून असे.

आकड्याला प्रश्न विचारायचा धडा मराठी माणसांनी एका गणिताच्या मास्तरांकडून घेतला. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसन कॉलेजात शिकवत आणि त्यांनी लिहिलेलं अंकगणिताचं पुस्तक शाळांतून चाले. १९०२ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर ते बोलले. सरकारकडे वर्षामागून वर्ष शिल्लक पडत होती आणि ती भरभराटीची खूण म्हणून दाखवली जात होती. गोखल्यांनी तेच आकडे घेऊन दाखवलं की रुपया स्वस्त होता तेव्हा बसवलेले कर रुपयाचा भाव वधारल्यावरही तसेच ठेवले आहेत. शिल्लक पडते ती त्यामुळे, आणि दुष्काळाने पिचलेल्या रयतेकडून जास्तीचं घेतलं जातं आहे. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांनी उतरला. मी हे वर्गात सांगत असे तेव्हा मुलींना सभागृहाचं नवल फारसं वाटत नसे. आकडे तेच ठेवून त्यांचा अर्थ बदलतो, याचं वाटे.

दुसरा धडा शेतातून आला. १९४० च्या दशकात नजरअंदाजाच्या जागी पीककापणीचे प्रयोग देशभर रुजले. चिठ्ठ्या टाकल्यासारखी शेतं निवडायची, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, कापायचं, झोडायचं, तोलायचं. या कामात दोन मराठी माणसं पुढे होती. पांडुरंग वासुदेव सुखात्मे साताऱ्याकडच्या बुध गावचे, लंडनला शिकून आलेले. विनायक गोविंद पानसे आमच्या माळव्यातल्या इंदूरच्या वनस्पती संशोधन संस्थेतले. १९५४ मध्ये निघालेलं त्या दोघांचं शेती संशोधकांसाठीचं सांख्यिकीचं पुस्तक पुढे देशभरच्या कृषी महाविद्यालयांत ‘पानसे-सुखात्मे’ म्हणूनच ओळखलं गेलं.

त्या काळी सुखात्मे आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात एक मोठा वाद झाला. कापायचा तुकडा केवढा असावा? महालनोबिसांनी लहान तुकडे घेतले होते, काम झटपट होतं म्हणून. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान असला की उत्पन्न वाढीव दिसतं, कारण रेषेवरचं ताट आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणारा ते आत धरतो. लहान तुकड्यात आतल्या जागेच्या मानाने कड जास्त असते, म्हणून चूकही जास्त.

हा वाद मी नववीच्या मुलींकडून श्रावणात शाळेच्या मैदानावर करवून घेत असे. तारेची दोन कडी, एक लहान, एक मोठं. गवतावर टाकायचं आणि आतल्या काड्या मोजायच्या. वर्गात येऊन एका चौरस फुटाला किती काड्या ते काढायचं. लहान कड्याच्या गटांचा आकडा बहुतेक वेळा जास्त येई. मग भांडण सुरू होई. “मैडम, इन्होंने किनारे वाली भी गिन लीं!” त्या भांडणात एक प्रतिष्ठित शास्त्रीय वाद माझ्या मुलींनी आपल्या आपण उभा केलेला असे. पक्षपात कोणाच्या मनात नव्हता, तरी आकडा एका बाजूला झुकला होता. हे वाक्य पुस्तकात वाचून कळत नाही.

महाभारतातली नळाची गोष्टही मी इथे सांगे. बाहुक झालेला नळ राजा ऋतुपर्णाचा रथ हाकत असतो. ऋतुपर्ण वाटेतल्या बेहड्याच्या झाडाकडे पाहून दोन फांद्यांवरची पानं आणि फळं किती ते सांगतो, फळं २,०९५. नळ रथ थांबवतो, उतरतो आणि मोजून पाहतो. मुलींना ऋतुपर्णाची विद्या आवडे. मला उतरून मोजणारा नळ जास्त आवडतो.

आता शाळेकडे येऊ. मी सत्तरच्या दशकात शिकले तेव्हा सांख्यिकी हा पुस्तकाच्या शेवटचा धडा असे. तो परीक्षेच्या तोंडावर उरकला जाई. वर्गांतर, वारंवारता, गृहीत मध्य, एक लांब कोष्टक आणि तळाशी उत्तर. आकडे कोणाचे होते हे कोणी विचारत नसे, कारण ते कोणाचेच नव्हते. सूत्र पाठ असलं की गुण मिळत, आणि सांख्यिकीत मिळवायला सोपे गुण आहेत ही समजूत शिक्षकांत आणि पालकांत दृढ झाली होती. पुढे मी शिकवायला लागले तेव्हाही ती तशीच होती.

त्याच काळात आमच्याच राज्यात, नर्मदेकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यात, काही वेगळं चाललं होतं. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ सरकारी माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. १९७८ मध्ये तो कार्यक्रम जिल्हाभर गेला, १९८२ पासून एकलव्य संस्थेने तो पुढे नेला. सहावी ते आठवीची मुलं ‘बाल वैज्ञानिक’ नावाच्या पुस्तिकेवरून गटांनी काम करत. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती.

हा विज्ञानाचा कार्यक्रम होता, पण मुलांना सांख्यिकी कशी उमगते याचा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला धडा त्यात आहे. एकच वस्तू अनेक मुलं मोजतात आणि उत्तरं वेगवेगळी येतात. मास्तर बरोबर उत्तर सांगून मोकळे होत नाहीत. सगळी उत्तरं फळ्यावर लिहिली जातात. ती कुठे गोळा होतात, किती पसरतात, एखादं फारच दूर का गेलं, हे मुलं बघतात. पुढे नाणी आणि फासे टाकून संभाव्यतेचा धडा होई. एका मुलाच्या थोड्या फेकींत काहीच धड दिसत नाही, सबंध वर्गाच्या फेकी एकत्र केल्या की आकार दिसायला लागतो. भास्कराचार्यांचा वाकडा खड्डा आठशे वर्षांनी पुन्हा वर्गात आला होता. २००२ साली राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांच्या कामाचा असा शेवट झाला याचं मला आजही वाईट वाटतं.

मुलं सरासरीकडे कशी बघतात, याचा अभ्यास अमेरिकेत जॅन मोक्रोस आणि सुझन जो रसेल यांनी केला आणि १९९५ मध्ये छापला. त्यांनी प्रश्न उलटा फिरवला. नऊ पाकिटांची सरासरी किंमत इतकी आहे, तर एकेका पाकिटाची किंमत काय असू शकेल ते तुम्ही मांडा. भागाकाराची रीत पाठ असलेली काही मुलं इथे अडकली, आणि ज्यांच्या मनात सरासरी म्हणजे दोन्ही बाजू तोलणारी जागा अशी कल्पना होती, त्यांना किमती मांडता आल्या.

मी हाच प्रश्न गजक या मिठाईचा करून विचारला. थंडीत आमच्याकडे गल्लोगल्ली गजकची दुकानं लागतात. नऊ दुकानांचा किलोचा सरासरी भाव मी सांगे आणि नऊ भाव मुलींना मांडायला सांगे. काही जणी नऊही दुकानांना तोच भाव देत. काही जणी एक चढा भाव लिहीत आणि लगेच एक उतरता लिहून फेड करत. मग एखादी म्हणे, “दो दुकान बहुत महँगी, बाकी सात थोड़ी-थोड़ी सस्ती.” त्या क्षणी तिला मध्य कळलेला असे. सूत्र मी त्याच्या नंतरच्या तासाला लिहीत असे, तेव्हा ते तिला आपलंच वाटे.

शिक्षकांना जनगणनेचं कामही असतं. १९९१ आणि २००१ मध्ये मी प्रगणक म्हणून लष्करातली घरं केली, शितोळ्यांच्या गोठीपासून जिन्सी नाल्यापर्यंत. १८८१ साली देशभर एकाच वेळी पहिली जनगणना झाली, तेव्हापासून दारोदार जाऊन हे असंच विचारलं जात आहे. एका ओसरीवर आजींना वय विचारलं. त्या म्हणाल्या, “लिही गं साठ. दोन कमी, दोन जास्त, त्याने काय होतंय?” घरोघरी हेच. जन्मतारखेचा कागद नसलेल्या पिढीची वयं ४०, ५०, ६० वर येऊन बसतात. भारताच्या जनगणनेतले एकेका वर्षाचे वयाचे तक्ते काढून पाहिले तर दर पाचाला आणि दहाला आकडा उंच उठतो आणि मधली वर्षं खाली राहतात.

जनगणनेची माहिती गोपनीय, म्हणून मी मुलींना आपापल्या गल्लीतल्या मोठ्या माणसांची वयं विचारून आणायला लावली. स्तंभ काढले तेव्हा कंगव्याच्या दातांसारखं चित्र झालं. “इतनी सारी दादियाँ एक ही साल में पैदा हुईं?” असं एकीने विचारलं आणि वर्ग शोधाला लागला. आकडा हा कोणीतरी सांगितलेला आणि कोणीतरी लिहून घेतलेला असतो, हे त्या दिवशी त्यांना कळलं.

आणि मग तो तक्ता, जो मी टाळू शकले असते पण टाळला नाही. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया मध्य प्रदेशात ९३१. बालाघाटात १,०२१. आमच्या ग्वाल्हेर जिल्ह्यात ८६४. शेजारच्या चंबळ खोऱ्यातल्या भिंड आणि मुरैन्यात ८५० च्याही खाली. राज्याचा एक आकडा पाहिला तर चंबळचं दुःख त्यात दिसतच नाही. मुली जिल्ह्यांच्या आकड्यांची सरळ सरासरी काढून बघत, ती राज्याच्या आकड्याशी जुळत नसे, आणि का जुळत नाही याचं उत्तर सराफ्यातल्या सोन्यात मिळे. दर जिल्ह्याची माणसं वेगळी, म्हणून दर जिल्ह्याचं वजन वेगळं.

हे मोजणं नवीन नाही. मुलींना जन्मताच मारण्याविरुद्ध १८७० मध्ये कायदा झाला, तो गावोगावच्या मुलामुलींच्या मोजणीच्या आधारावर राबवला गेला. ज्या गावांत मुली फार कमी भरत त्यांच्यावर पहारा बसे. ज्या वर्गात सगळ्या मुलीच बसल्या आहेत तिथे हा तक्ता फळ्यावर लिहिताना माझा आवाज नेहमी स्थिर राहिला असं नाही. पण ज्या आकड्यात आपण आहोत किंवा असणार नव्हतो, तो आकडा वाचायचा हक्क त्यांना आहे.

आज पुस्तकं बदलली आहेत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर प्राथमिकच्या पुस्तकांतही माहिती गोळा करून चित्रं काढायचे धडे आले, आणि सहावीच्या नव्या ‘गणित प्रकाश’मध्ये त्यासाठी पूर्ण प्रकरण आहे. ही प्रगती आहे. पण कोरोनानंतर अभ्यासक्रम हलका करताना नववीच्या सांख्यिकीतून माहिती गोळा करण्याचा भाग गेला, आणि संभाव्यतेचं प्रकरणही गेलं. नेमकं जे हाताने करायचं होतं ते वगळून आलेख तेवढे ठेवले. मला हे उलटं वाटतं. एखादं सूत्र अकरावीत शिकता येईल. उतरून मोजायची सवय चौदाव्या वर्षी लागली नाही तर पुढे लागणं कठीण.

म्हणून माझं एक मागणं आहे, आणि त्याला सरकारी आदेश लागत नाही. २९ जून हा महालनोबिसांचा जन्मदिवस २००७ पासून राष्ट्रीय सांख्यिकी दिवस म्हणून पाळला जातो. आमच्याकडे शाळा नुकत्या उघडलेल्या असतात आणि पाऊस दाराशी आलेला असतो. त्या दिवशी भाषणं करण्याऐवजी प्रत्येक शाळेने अंगणात दोन पर्जन्यमापक मांडावेत, बाटली आणि नरसाळ्याचे चालतील, फक्त दोन्ही सारखे हवेत. नववीने रोज सकाळी दोन्ही वाचून वहीत लिहावेत. ते जुळणार नाहीत, आणि का जुळत नाहीत यावर पहिला तास होईल. शेजारी, शहराला पाणी देणाऱ्या तिघरा धरणाची वर्तमानपत्रात येणारी पातळी लिहावी. ७४० फुटांना धरण भरतं हे ग्वाल्हेरात पोराटोरांना माहीत आहे. नळाला एक दिवसाआड पाणी येणार का, या प्रश्नाला पातळीची सरासरी कामाची नाही, हे मुलं आपणच शोधतील. वर्ष संपलं की वही खालच्या वर्गाच्या हाती द्यावी.

दहा वर्षांनी त्या शाळेकडे स्वतःचे दहा पावसाळे असतील, मुलांनी मोजलेले, नावनिशी लिहिलेले. तेव्हा “यंदा सरासरीपेक्षा पाऊस कमी” ही बातमी वाचून कोणती सरासरी, किती वर्षांची, कुठल्या मापकाची, असं विचारणारी मुलं आपल्याकडे असतील. त्यांना मध्याचं सूत्र शिकवायला मग एक तास पुरेल.